एफआयआरवरची कलमं कोण समजावून देतं? तीन सरकारी साधनं आणि तालुक्यातलं एक कार्यालय

‘कलम २९६, ११५(२), ३५१(२), ३(५) भा.न्या.सं.’ धुऱ्यावरून (शेताच्या बांधावरून) दोन वावरवाल्यांची जुंपली, एकाला काठी लागली, की ठाण्यातून निघणाऱ्या कागदाच्या दुसऱ्या रकान्यात बहुतेक वेळा हीच ओळ असते. जुन्या कायद्यात, म्हणजे भारतीय दंड विधानात, ती २९४, ३२३, ५०६, ३४ भादंवि अशी यायची, आणि गावात दोन-चार जणांना तरी ती पाठ असायची. १ जुलै २०२४ ला भारतीय न्याय संहिता (भा.न्या.सं.) लागू झाली, आकडे बदलले आणि ते पाठांतर वाया गेलं. आता अर्थ विचारायचा कुणाला? तहसीलबाहेर बसणाऱ्या अर्जनविसाला, की मोबाइलला?

मोबाइलवर फुकट मिळणारी तीन साधनं आहेत: महाराष्ट्र पोलिसांचं नागरिक पोर्टल, राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचं ‘संकलन’ अ‍ॅप आणि न्यायालयातल्या प्रकरणांची माहिती देणारं ई-कोर्ट्स सर्व्हिसेस. चौथं साधन म्हणजे तालुका न्यायालयातली विधी सेवा समिती. वरची एक ओळ घेऊन प्रत्येकाकडे गेलं तर पदरात काय पडतं, एवढंच या परीक्षणात पाहिलं आहे.

पोलीस पोर्टलचं काम मर्यादित आहे आणि तेवढं ते बरं करतं. ‘प्रसिद्ध एफआयआर’ या भागात जिल्हा, ठाणं आणि तारखांचा पट्टा टाकला की यादी येते आणि अहवालाची प्रत उतरवून घेता येते. एफआयआर चोवीस तासांत संकेतस्थळावर टाकावा, दुर्गम भागात नेटवर्कची अडचण असेल तर ७२ तासांपर्यंत, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१६ चा आदेश आहे. लैंगिक गुन्हे, पोक्सो, दहशतवाद आणि बंडखोरीशी संबंधित गुन्हे त्यातून वगळलेले आहेत. म्हणून गडचिरोलीतलं नक्षल प्रकरण किंवा एखाद्या मुलीच्या विनयभंगाची तक्रार तिथे शोधत बसू नये. फिर्यादीला तर शोधायचीही गरज नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे तपास आणि खटल्याची पद्धत सांगणाऱ्या नव्या कायद्याच्या, कलम १७३(२) प्रमाणे प्रत त्याला ठाण्यातच फुकट मिळाली पाहिजे.

प्रत हाती आली की लोक बारावा रकाना, म्हणजे हकिगत, वाचतात आणि बाकीचं सोडून देतात. तिसऱ्या रकान्यात घटनेची वेळ आणि ठाण्यात खबर आल्याची वेळ शेजारी-शेजारी असते. या दोन वेळांत अंतर असेल आणि आठव्या रकान्यात उशिराचं कारण कोरं असेल, तर बचावाचा वकील पुढे तिथेच बोट ठेवणार. दहाव्या रकान्यात चोरीच्या मालाची एकूण किंमत असते. ती आता पूर्वीपेक्षा फार महत्त्वाची झाली आहे. कारण पुढे येईल. कलमांचा अर्थ मात्र या कागदावर कुठेच नसतो.

त्यासाठी ‘संकलन’. तिन्ही नवे कायदे, जुन्या-नव्या कलमांचा तक्ता, आणि एकदा उतरवून घेतलं की नेटवर्क नसतानाही चालतं. मेळघाटात किंवा गडचिरोलीतल्या कोरचीकडे ही शेवटची गोष्ट लहान नाही. तक्ता पाहिला की कळतं: २९६ म्हणजे जुनं २९४, सार्वजनिक ठिकाणी अश्लील शब्द किंवा कृती, ११५(२) म्हणजे ३२३, साधी दुखापत, ३५१(२) म्हणजे ५०६, धमकी, ३(५) म्हणजे ३४, सगळ्यांचा समान इरादा. हे शेवटचं स्वतंत्र गुन्ह्याचं कलम नाही, त्याला वेगळी शिक्षाही नाही. अनेकांनी एका मनाने केलं तर प्रत्येक जण पूर्ण कृत्याला जबाबदार, इतकंच ते सांगतं. ‘चार कलमं लागली’ म्हणून घाबरलेल्या घराला पहिल्यांदा हे सांगावं.

हा तक्ता नसेल तर आकडे कसे दगा देतात ते पाहा. जुनं ३०२ म्हणजे खून. नव्या संहितेत ३०२ म्हणजे धार्मिक भावना दुखावण्याच्या हेतूने बोललेले शब्द. खून गेला १०३ मध्ये. जुनं ३०४ सदोष मनुष्यवध, नवं ३०४ हिसकावून नेणं. जुनं ३०६ आत्महत्येस प्रवृत्त करणं, नवं ३०६ नोकराने केलेली चोरी. प्रवृत्त करण्याचं कलम आता १०८. जुनं ३२४ हत्याराने दुखापत, नवं ३२४ मालाचं नुकसान. ४२० तर राहिलंच नाही, कारण न्याय संहिता ३५८ कलमांत संपते. फसवणूक ३१८(४) मध्ये गेली. त्यात ३५१ हा आकडा दोन पुस्तकांत आहे: न्याय संहितेत धमकी, नागरिक सुरक्षा संहितेत आरोपीचा न्यायालयातला जबाब. म्हणून कलमाच्या मागे ‘भा.न्या.सं.’ आहे, ‘भादंवि’ आहे की आणखी काही, हे आधी पाहायचं. १ जुलै २०२४ च्या आधी घडलेल्या घटनेला जुनीच कलमं लागतात, त्यामुळे एकाच न्यायालयात एकाच दिवशी दोन्ही आकडे पुकारले जातात. ही गल्लत बरीच वर्षं संपणार नाही.

तक्त्याची खरी उणीव वेगळी आहे. समोरासमोर आकडे ठेवले की वाचणाऱ्याला वाटतं, फक्त नंबर बदलला. काही ठिकाणी मजकूरही बदललाय. जबर दुखापतीच्या व्याख्येत पूर्वी वीस दिवस तीव्र वेदना किंवा रोजची कामं करता न येणं ही एक कसोटी होती. कलम ११६ मध्ये ते पंधरा दिवस झाले. ग्रामीण रुग्णालयाच्या दाखल्यावर ‘सतरा दिवस’ असं आलं तर जुन्या हिशेबाने साधी ठरणारी दुखापत आता जबर ठरू शकते, आणि ११५(२) च्या एक वर्षाऐवजी ११७(२) ची सात वर्षांपर्यंतची शिक्षा समोर उभी राहते. निष्काळजीपणाने मृत्यू, म्हणजे जुनं ३०४-अ: दोन वर्षांचे पाच झाले, आता कलम १०६(१).

चोरीचंही तसंच. जुनं ३७९ आता ३०३(२) आहे, पण पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीची चोरी आता अदखलपात्र झाली. अशा चोरीत पहिल्यांदाच दोषी ठरलेल्याने माल किंवा त्याची किंमत परत केली तर शिक्षा सामुदायिक सेवेची. विहिरीवरच्या मोटारपंपाची केबल कापून नेली आणि कास्तकाराने ‘लिहा काहीतरी तीन-चार हजार’ म्हटलं, तर पोलीस दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपासच करू शकत नाहीत. केबल किती मीटर, कोणत्या जाडीची, बिल असेल तर बिल, हे घेऊनच रपट द्यायला जावं. किंमत फुगवायला सांगत नाही; खरी किंमत लिहायला सांगतो आहोत. तांब्याच्या केबलचा आजचा भाव पाहता ती बहुतेकदा पाच हजारांच्या वरच निघते.

आता मुख्य प्रश्न. कलम कळलं तरी घरच्यांना हवं असतं ते दुसरंच: ‘अटक होईल का? जामीन मिळेल का? मिटवता येईल का?’ याची उत्तरं न्याय संहितेत नाहीत. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं नागरिक सुरक्षा संहितेच्या शेवटी असलेल्या पहिल्या अनुसूचीत, तिसऱ्याचं त्याच संहितेच्या कलम ३५९ मध्ये. ‘संकलन’ वापरणारे निम्मे लोक त्या अनुसूचीपर्यंत पोचतच नसावेत असा आमचा अंदाज आहे. आमच्या मते अ‍ॅपमधलं सगळ्यात मोलाचं पान तेच.

आपली ओळ त्या अनुसूचीत टाकून पाहू. ११५(२) अदखलपात्र आणि जामीनपात्र. ३५१(२) सुद्धा तसंच. म्हणजे नुसती मारहाण आणि धमकी असती तर ठाण्यात एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) झाली असती, एफआयआर झालाच नसता. पण २९६ दखलपात्र आहे, आणि एका प्रकरणात एक जरी कलम दखलपात्र असलं तरी सगळं प्रकरण दखलपात्र धरलं जातं. तसं नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७४(४) म्हणतं. धुऱ्यावरच्या भांडणात ‘अश्लील शिवीगाळ’ हे शब्द हमखास का सापडतात, त्याचं उत्तर इथे आहे. नुसती अपमानकारक शिवी म्हणजे अश्लीलता नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये जुन्या २९४ बाबत स्पष्ट केलं आहे. ठाण्यातली सवय मात्र सुटलेली नाही. तिन्ही कलमं जामीनपात्र, म्हणून ठाणेदारालाच जामीन देता येतो आणि आरोपीचा तो हक्क आहे.

मिटवायचं म्हटलं की तीच ओळ अडवते. ११५(२) आणि ३५१(२) तडजोडीने मिटतात, २९६ त्या यादीत नाही. लोकअदालतीत दोन्ही घरं हात जोडून उभी राहिली तरी २९६ शिल्लक राहतं, आणि ते रद्द करून घ्यायला नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५२८ खाली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत जावं लागतं. शंभर-दीडशे किलोमीटर आणि वकिलाची फी, तेही एका शिवीसाठी. फिर्याद लिहून देतानाच दोन्ही बाजूंना हे माहीत असायला हवं.

‘अजामीनपात्र’ या शब्दाने जितका घोळ घातला तितका दुसऱ्या कुठल्या शब्दाने घातला नसेल. त्याचा अर्थ जामीन मिळतच नाही असा नाही. तो ठाण्यात हक्काने मिळत नाही, न्यायालयाकडे मागावा लागतो, इतकाच. अ‍ॅट्रॉसिटी कायद्यात मात्र कलम १८ मुळे अटकपूर्व जामिनाची दारं जवळपास बंद आहेत, ते वेगळं धरावं. दुसरा घोळ अजामीनपात्र वॉरंटचा. गुन्हा जामीनपात्र असूनही माणूस दोन पेश्या (सुनावणीच्या तारखा) चुकला तर न्यायालय अजामीनपात्र वॉरंट काढू शकतं. वॉरंट निघालं म्हणून गुन्हा मोठा झाला असं नाही. वकिलामार्फत हजर होऊन ते रद्द करायचा अर्ज द्यायचा असतो. लपून बसण्याने मात्र पुढच्या जामिनाची वाट खरंच बिकट होते.

नावांचा घोळ वर्तमानपत्रांनीही वाढवलाय. ‘दरोडा’ हा मथळ्यातला लाडका शब्द. कायद्यात त्याला किमान पाच माणसं लागतात, कलम ३१०. चौघांनी कट्ट्याचा धाक दाखवून लुटलं तर ती जबरी चोरी, कलम ३०९. माणसाला धाक किंवा इजा न करता माल नेला तर चोरी. रानडुकरांसाठी कुंपणात वीज सोडली आणि शेजारचा माणूस चिकटून गेला, तर तो खून नाही, कारण मारायचा इरादा नव्हता. पण पोलीस अशा वेळी नुसत्या निष्काळजीपणाच्या १०६(१) वर न थांबता अनेकदा सदोष मनुष्यवधाचं १०५ लावतात: जिवंत तारेने जीव जाऊ शकतो हे ठाऊक असताना ती सोडली, असा त्यांचा मुद्दा. पाच वर्षं की दहा, हा फरक त्या ‘ठाऊक होतं’ वर टांगलेला असतो. कापसाच्या उधारीचं उलट आहे. व्यापारी माल घेऊन गेला आणि पैसे बुडवले, एवढ्याने ३१८(४) होत नाही. माल घेतानाच फसवायचा इरादा होता हे दिसावं लागतं, जसं की खोटं नाव, न वटणारे चेक, एकाच आठवड्यात दहा गावांत तीच तऱ्हा. नाहीतर प्रकरण दिवाणी म्हणून परत येतं.

ई-कोर्ट्स हे तिसरं साधन दोषारोपपत्र दाखल झाल्यावरच उपयोगी पडतं. त्याआधी फार तर जामीन अर्ज दिसतो. सीएनआर, म्हणजे प्रत्येक प्रकरणाला मिळणारा स्वतंत्र क्रमांक, सोळा अक्षरी, आपल्याकडे ‘एमएच’ने सुरू होणारा, तो हाती असेल तर एका झटक्यात प्रकरण उघडतं. नसेल तर न्यायालय संकुल निवडून एफआयआर क्रमांक, ठाणं आणि वर्ष टाकावं. नावाने शोधणं शेवटचा उपाय, कारण इंग्रजीत ‘वानखडे’चं ‘वानखेडे’ कुणी केलं असेल सांगता येत नाही. पहिली तीन-चार अक्षरं टाकली तर सापडण्याची शक्यता जास्त. साधा फोन असेल तर ‘ईकोर्ट्स’ हा शब्द इंग्रजी मोठ्या अक्षरांत, मग जागा सोडून सीएनआर, असा संदेश ९७६६८९९८९९ वर पाठवला की पुढची तारीख कळते.

तारखेसाठी हे साधन उत्तम. भाषा मात्र वकिलांची, तीही तुटक. आर.सी.सी. म्हणजे नियमित फौजदारी खटला, एस.सी.सी. म्हणजे संक्षिप्त. ‘अवेटिंग समन्स’ म्हणजे आरोपीला समन्स पोचल्याचा अहवाल यायचाय. ‘एनबीडब्ल्यू अनरेडी’ दिसलं तर ताबडतोब वकिलाला फोन, ते वर सांगितलेलं वॉरंट आहे. ‘एव्हिडन्स पार्ट हर्ड’ म्हणजे साक्षीदाराचं बयान अर्धवट झालंय. ‘से’ म्हणजे समोरच्या बाजूचं म्हणणं मागवलंय.

सगळ्यात फसवा शब्द ‘चार्ज’. मराठीत आपण तीन वेगळ्या गोष्टींना ‘आरोप लागले’ म्हणतो. एफआयआर ही फक्त खबर. तपास संपल्यावर पोलीस देतात ते दोषारोपपत्र, ज्यात एफआयआरमधली काही कलमं गळालेली किंवा नवी घातलेली असू शकतात. आणि न्यायाधीश कागद पाहून आरोपीला वाचून दाखवतात, ‘गुन्हा कबूल आहे का?’ विचारतात, तो दोषारोप. ई-कोर्ट्सवर ‘चार्ज’ दिसतं ते या तिसऱ्या पायरीचं. तिथे आरोपीला गुन्ह्यातून मुक्त करण्याचा अर्जही करता येतो, म्हणून त्या पेशीला वकिलाविना जाऊ नये. दोषारोपपत्राची आणि जबाबांची प्रत आरोपीला फुकट मिळते, हजर झाल्यापासून चौदा दिवसांत, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम २३०. आरोपी कोठडीत असेल तर आणखी एक तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवावी: साठाव्या दिवसापर्यंत, आणि दहा वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या, जन्मठेपेच्या वा फाशीच्या गुन्ह्यात नव्वदाव्या दिवसापर्यंत, दोषारोपपत्र आलं नाही तर जामीन हक्काने मिळतो. पण दोषारोपपत्र यायच्या आधी तो मागावा लागतो. अ‍ॅप हे दिवस मोजून देत नाही.

चौथी जागा, विधी सेवा समिती. १५१०० या फुकट क्रमांकावर फोन केला तर कुठे जायचं ते कळतं. कलमांची उकल फोनवर होईल ही अपेक्षा ठेवू नये. तालुका न्यायालयातल्या कार्यालयात मात्र अर्ज दिला की वकील नेमून मिळतो. आरोपीसाठी जिल्ह्याला लोक अभिरक्षक कार्यालय आहे, फिर्यादी किंवा पीडितासाठी पॅनेलवरचे वकील. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमाती, अपंग आणि कोठडीत असलेला कोणीही, यांना उत्पन्नाची अट नाही. बाकीच्यांसाठी महाराष्ट्रात वर्षाला तीन लाखांची मर्यादा आहे, आणि उत्पन्नासाठी शपथपत्र चालतं, तलाठ्याच्या दाखल्यापायी आठवडा घालवू नये. एफआयआर किंवा समन्सची झेरॉक्स, आधार आणि पुढच्या पेशीची तारीख एवढं सोबत हवं. ‘फुकटचा वकील’ म्हणून नाक मुरडणारे पुष्कळ. पण तीनही साधनं मिळून जे सांगत नाहीत, म्हणजे ‘या कागदावर आता काय करायचं’, ते इथे समोरासमोर विचारता येतं. चौघांत हीच जागा पहिली. दुसरं ‘संकलन’, अनुसूची उघडायची तयारी असेल तर. मग ई-कोर्ट्स, आणि शेवटी पोर्टल.

काही शब्द चौघांच्याही कक्षेबाहेर पडतात. ‘मर्ग’ हा आपल्या भागातला, विदर्भातला, ठाण्याचा शब्द. इतर महाराष्ट्रात त्याला अकस्मात मृत्यू म्हणतात. ती नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खालची चौकशी आहे, गुन्हा नाही, कुणी आरोपी नाही. कास्तकाराने विष घेतलं तर आधी मर्गच नोंदला जातो. मर्गाची प्रत, पंचनामा आणि शवविच्छेदन अहवाल जपून ठेवावेत, शासनाच्या एक लाखाच्या मदतीच्या प्रस्तावाला ते लागतात. ‘समरी’ हाही असाच शब्द, तपास बंद करायचा पोलिसांचा अहवाल. अ समरी म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी सापडला नाही, ब म्हणजे खोटी फिर्याद, क म्हणजे गैरसमजातून आलेली किंवा दिवाणी स्वरूपाची. समरी मंजूर करायच्या आधी न्यायालय फिर्यादीला नोटीस देतं, आणि हरकत घ्यायची ती तेव्हाच. ‘मदाका ६५ ई’ म्हणजे दारूबंदी कायदा, वर्धा-गडचिरोलीकडे रोजचा. ‘मजुका १२ अ’ म्हणजे सट्टापट्टी आणि जुगार. ही लघुरूपं ‘संकलन’मध्ये शोधून उपयोग नाही, ते राज्याचे वेगळे कायदे आहेत.

आणि चॅप्टर केस. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं १०७, आता नागरिक सुरक्षा संहितेचं १२६. पोळ्याला किंवा निवडणुकीच्या आधी गावात पंधरा-वीस नोटिसा येतात त्या याच. इथे शिक्षा नाही, शांतता राखण्याचं बंधपत्र लिहून मागतात, फार तर एक वर्षाचं. प्रकरण तहसीलदारासारख्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यापुढे चालतं, म्हणून ई-कोर्ट्सवर त्याचा मागमूस नसतो. तारीख कळवून घ्यायला तहसीलमध्येच जावं लागतं, आणि जाताना नोटिशीवरचा प्रकरण क्रमांक व इस्तगाशाची (पोलिसांनी पाठवलेल्या प्रस्तावाची) तारीख लिहून न्यावी. नुसत्या नावावरून तिथला बाबू फाईल काढत नाही.